काळ्या दगडाचे रंग

कळव्याच्या खाडीवरचा जुना दगडी पूल, बेलापूरच्या किल्ल्याचा उरलेला बुरूज, नाहीतर नुसता पारसिकच्या डोंगराचा उघडा पडलेला कातळ, यातलं काहीही एकदा जुलैत बघा आणि एकदा मे महिन्यात बघा. दगड तोच असतो पण रंग तोच नसतो. पावसात तो निळसर काळा दिसतो, सांध्यांमधून पोपटी शेवाळ फुटलेलं असतं, कुठे नेचे तर कुठे तेरडा उगवलेला असतो. उन्हाळ्यात तेच शेवाळ वाळून काळपट तपकिरी होतं, दगडातल्या लोखंडाला हवा लागून तांबूस झाक आलेली असते, आणि त्यावर दगडफुलाचे फिके राखाडी-हिरवे गोल डाग, हो, तेच दगडफूल जे आपण गोड्या मसाल्यात घालतो. मधेच एखाद्या दगडात बारीक भोकं असतात आणि त्यातली काही पांढऱ्या खनिजाने भरलेली असतात. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांच्या त्या पोकळ्या, आणि नंतर पाण्याबरोबर आलेल्या झिओलाइटने त्या हळूहळू भरत गेल्या. आपण हे सगळं ‘काळा दगड’ म्हणून उरकून टाकतो.

मला यातलं काही माहीत असायचं खरं तर कारण नाही. मी ऐरोलीला एका आयटी कंपनीत काम करते, राहते ठाण्यात चरईला, आणि सुट्टी मिळाली की फोम कापून, फेविकॉल लावून, रंगवून छोटे बुरूज, पडके वाडे, गुहा, पूल असं काहीबाही बनवत बसते. टेबलटॉप फँटसी गेमसाठी हे लागतं आणि त्याला टेरेन म्हणतात. दगड रंगवायची वेळ आली तेव्हा मी दगडाकडे बघायला लागले, आणि एकदा बघायला लागल्यावर ते थांबवता येत नाही, ठाणे-वाशी लोकलमध्ये मी डोंगराच्या बाजूची खिडकी पकडते ती त्यासाठीच.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. डंजन्स अँड ड्रॅगन्स हे नाव हल्ली बऱ्याच जणांच्या कानावर आलेलं असतं. चार-पाच जण टेबलाभोवती बसतात, त्यातला एक गेम मास्टर असतो, तो गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने बोलतात, काय करायचं ते ठरवतात आणि ते जमलं का हे वीस बाजूंच्या फाशावर ठरतं. प्रत्येक पात्राची एक छोटी मूर्ती असते, साधारण २८ मिलिमीटर उंचीची, आणि टेबलावरचा एक इंच म्हणजे गोष्टीतले पाच फूट. म्हणजे साठाला एक असा जवळपास हिशोब. घराचं दार सव्वा ते दीड इंच, दोन मजली बुरूज चार-साडेचार इंच, आणि माझ्या डायनिंग टेबलावर तीनशे फुटांचं अख्खं खोरं बसतं.

टेरेन नसलं तर खेळ अडतो का? अजिबात नाही. चौकोनी रेघांच्या कागदावर पेन्सिलीने भिंती काढून लोक वर्षानुवर्षं मस्त खेळतात. मग एवढा खटाटोप कशाला, हे मला सगळेच विचारतात, घरचे तर जास्तच. माझं उत्तर असं की भिंत खरी उभी असली की माणसं वाकतात. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून, एक डोळा मिटून बघतात की आपल्या तिरंदाजाला त्या खिडकीतून पलीकडचा राक्षस दिसतोय का. तोपर्यंत हातातल्या कागदावरचे आकडे बघत बसलेला माणूस त्या क्षणाला त्या जागेत शिरलेला असतो. आणि मग तो असा प्रश्न विचारतो जो कागदावरच्या रेघेकडे बघून कोणी विचारत नाही, की ही भिंत याच बाजूने का पडलीये?

टेरेनकडून मला हेच हवं असतं. खेळ सुरू व्हायच्या आधी त्या जागेत काहीतरी घडून गेलेलं असलं पाहिजे आणि ते दिसलं पाहिजे. कोणीतरी तिथे राहिलं होतं, पाणी भरत होतं, चूल पेटवत होतं, मग काहीतरी झालं आणि ते गेले, त्यानंतर कित्येक पावसाळे त्या भिंतीवर पडले. हे नसेल तर कितीही सफाईदार काम असो, तो देखावा होतो, जागा होत नाही. इंटरनेटवर फार सुंदर टेरेन बघायला मिळतात आणि त्यातली काही बघून मला काहीच वाटत नाही, कारण त्यातला प्रत्येक दगड सारखाच जुना असतो.

या छंदाचा उगम बघितला तर तो जादूटोण्यात नाहीच, सैन्यात आहे. प्रशिया या जुन्या जर्मन राज्यात १८१२ साली गेऑर्ग लिओपोल्ड फॉन राईसविट्झ याने राजाला एक मोठं टेबल करून दिलं, त्यावर टेकड्या, नद्या, रस्ते, गावं असे उठावातले चौकोनी तुकडे हवे तसे मांडता यायचे आणि त्यावर युद्धाचा सराव करायचा. त्याच्या मुलाने १८२४ मध्ये नियम नीट बसवले आणि ते सैन्यात वापरले जाऊ लागले. म्हणजे हलवता येणारी जमीन पहिल्यापासून आहे, ड्रॅगन खूप नंतर आले. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत मिनेसोटामध्ये डेव्ह आर्नेसनने ब्लॅकमूर नावाचं काल्पनिक जग रचलं, तिथे एक किल्ला आणि किल्ल्याखाली भुयारं, आणि खेळणारे एकेका पात्राच्या रूपात त्या भुयारांत उतरायचे. पुढे तो आणि गॅरी गायगॅक्स यांचं डंजन्स अँड ड्रॅगन्स १९७४ ला छापून आलं. त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे आऊलबेअर आणि रस्ट मॉन्स्टर हे त्या खेळातले प्रसिद्ध राक्षस गायगॅक्सने हाँगकाँगच्या स्वस्त प्लास्टिक खेळण्यांच्या पाकिटावरून घेतले. कसलीतरी चित्रविचित्र प्राण्यांची खेळणी, कोणाला कळेना हे नक्की काय आहे, त्यांना याने नावं दिली, सवयी दिल्या, आणि आज जगभर लोक त्यांच्याशी लढतात. जांभळी नाक्यावर प्लास्टिकच्या खेळण्यांच्या दुकानात शिरताना मला हे हमखास आठवतं.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे हे शिकवावंच लागत नाही हो. दिवाळीत ज्याने किल्ला केलाय त्याने टेरेन केलंय. विटा आणि दगड रचून डोंगराचा सांगाडा, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, ते वाळत आलं की वरून बारीक मातीचा हात, गेरूने रंगवलेला दरवाजा, तळं म्हणून पुरलेली ताटली, आणि आठवडाभर आधी पेरलेले अळीव किंवा मोहरी, की नेमकं वसुबारसेला हिरवंगार झालं पाहिजे. तारेच्या जाळीवर प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड टाकून डोंगर करायची पद्धत बाहेरच्या छंदवाल्यांची एक मुख्य पद्धत आहे, आणि तेच काम गोणपाट आणि चिखलाने आमच्या चाळीतली पोरं कोणी न शिकवता करत होती. मातीच्या मावळ्यांच्या मापाला तट बुटका पडला की मोठी मुलं ओरडायची, ‘अरे मावळा तटाच्या वर दिसतोय, शत्रू गोळी घालेल ना!’ प्रमाण म्हणजे काय ते मी तिथे शिकले. किल्ल्याला पाणी कुठून येतं, वर चढायची वाट एकच का ठेवायची, दरवाजा समोरून दिसू नये म्हणून वळण का द्यायचं, हे आम्ही दहा-बारा वर्षांचे असताना चिखलाचे हात घेऊन भांडून ठरवायचो. आज गेम मास्टर मला सांगतो की एक गढी हवीये जी जिंकायला अवघड पाहिजे, तेव्हा मी त्याच भांडणांवर काम करते.

आता सामानाबद्दल, कारण याच्यावर मला खूप जण विचारतात आणि बाहेरचे व्हिडिओ बघून इथल्या दुकानात गेलं की अर्ध्या वस्तू मिळतच नाहीत. मुख्य गोष्ट फोम. आपला थर्माकोल हा मण्यांचा असतो, कापला की मणी सुटतात, त्यावर दगडाची रेघ नीट उठत नाही. टेरेनसाठी लागतो तो एक्सपीएस, टेरेसच्या किंवा कोल्ड स्टोरेजच्या इन्सुलेशनला वापरतात तो निळा किंवा गुलाबी घट्ट फोम. तो एकजीव असतो, त्यामुळे बॉलपेनने रेघ ओढली की विटेचा सांधा तयार, आणि अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा चुरगळलेला गोळा त्यावर दाबून फिरवला की दगडाचा खरखरीतपणा येतो. इन्सुलेशनचं काम करणाऱ्या लोकांकडे कापून उरलेले तुकडे पडलेले असतात, नीट विचारलं तर देतात. पातळ भिंतींना, लाकडी फळ्यांच्या घरांना कागद लावलेला फोम बोर्ड चालतो, त्याचा वरचा कागद सोलून टाकायचा आणि आतल्या फोमवर काम करायचं. बाकी आइस्क्रीमच्या काड्या, झाडूच्या काड्या, सुतळी, काथ्या, एम-सील, वॉल पुट्टी, सॉ मिलमधला भुसा, घरातला चहाचा चोथा. चोथा जंगलातली जमीन म्हणून अप्रतिम दिसतो, फक्त तो उन्हात कडकडीत वाळवून मग फेविकॉलमध्ये पूर्ण बंद करायचा, नाहीतर ठाण्याच्या पावसाळ्यात त्याला बुरशी येणारच.

फोमबद्दल एक गोष्ट मनापासून सांगायचीये. २०१८ मध्ये महाराष्ट्रात प्लास्टिक-थर्माकोल बंदी आली आणि गणपतीच्या मखरांचा थर्माकोलही त्यात गेला. त्याआधी गरम तारेच्या कटरने थर्माकोलमधून अख्खी मंदिरं, कमानी, जाळ्या कापणारे कारागीर ठाण्यात गल्लोगल्ली होते, आणि त्यांच्या हाताला जी सफाई होती ती मी आजही कुठल्या व्हिडिओत बघितलेली नाही. बंदी बरोबरच होती असं मला वाटतं. विसर्जनानंतर तलावपाळीच्या आणि खाडीच्या काठाला ते पांढरे तुकडे ज्यांनी बघितलेत त्यांना ते पटेल, थर्माकोल कुजत नाही, नुसता बारीक बारीक होत जातो. पण म्हणून मी स्वतः जो फोम वापरते त्याची जबाबदारी माझी आहे असं मी धरते. जमेल तितकं उरलेलं किंवा पॅकिंगमधून आलेलं सामान वापरायचं, कापताना खाली कागद, भुगा झाडून नाही तर व्हॅक्यूमने गोळा करायचा, आणि बनवलेली वस्तू वर्षानुवर्षं टिकेल अशीच बनवायची. गरम तारेने कापताना खिडकी उघडी हवी, त्या धुरात स्टायरीन असतं, एसी लावून बंद खोलीत हे काम करू नका, आणि पॉलिश पेपर मारताना मास्क. स्प्रे पेंट तर उघड्या फोमवर मारायचाच नाही, त्यातल्या सॉल्व्हंटने फोम विरघळतो. म्हणून आधी फेविकॉल आणि काळा अ‍ॅक्रेलिक रंग एकत्र करून सगळीकडून एक जाड हात द्यायचा, तो वाळला की कवच तयार होतं आणि तोच पहिला रंगही होतो.

जुळवणीत मी सगळ्यात जास्त वेळ घालवते तो हाताच्या मापावर. खेळताना माणसाची बोटं त्या खोलीत शिरली पाहिजेत, मूर्ती उचलता आली पाहिजे, जिन्याची पायरी इतकी रुंद हवी की मूर्तीखालचा २५ मिलिमीटरचा गोल बेस तिच्यावर उभा राहील, मग ती पायरी प्रत्यक्षात पाच फूट रुंद झाली तरी चालेल. छप्पर उचलून बाजूला ठेवता येईल असं. पडक्या वाड्याची एक भिंत मुद्दाम पडलेली ठेवायची, गोष्टीत तिथून कोणीतरी घुसलेलं असतं आणि टेबलावर तिथून हात जातो, दोन्ही कामं होतात. नुसतं शोकेसमध्ये ठेवायचं मॉडेल करणाऱ्यांच्या कौशल्याबद्दल मला आदर आहे, पण माझ्या वस्तूला हात लागले पाहिजेत. त्याशिवाय ती पूर्ण झाली असं मला वाटत नाही.

मग रंग. आणि इथे मी बाहेरच्या पद्धतीपासून वेगळी झाले. जवळजवळ सगळे व्हिडिओ सांगतात की काळा हात द्या, त्यावर राखाडी, त्यावर फिका राखाडी, शेवटी पांढऱ्याच्या जवळ जाणारा ड्रायब्रश. ड्रायब्रश म्हणजे ब्रशला रंग लावून तो कापडावर जवळपास सगळा पुसून टाकायचा आणि कोरडा ब्रश हलकेच फिरवायचा, म्हणजे फक्त वर आलेल्या कडांना रंग लागतो आणि खाचा गडद राहतात. पद्धत उत्तमच आहे. पण त्या रंगांनी होतो तो युरोपातला किल्ला, तिकडे बऱ्याच ठिकाणी चुनखडी नाहीतर वालुकाश्म असतो, तो उजळतच जातो. आपला काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, उजळत नाही. त्याच्या कडेवर ऊन पडलं तरी तो राखाडी-तपकिरीच्या पुढे जात नाही.

म्हणून माझा पहिला हात काळा, बर्न्ट अंबर आणि अगदी थोडा प्रशियन ब्लू असा. मग एकेक दगड वेगळा काढायचा, हा जरा निळसर, तो तपकिरी, शेजारचा धुळीच्या रंगाचा, एका भिंतीत खाणीच्या वेगवेगळ्या थरांतले दगड असणारच. सांध्यांना चुन्याचा मळकट पांढरा, पण सगळीकडे नाही, जिथे पाऊस थेट लागत नाही तिथेच तो टिकतो. त्यावर वॉश, म्हणजे रंग पाण्यात इतका पातळ की तो खाचांमध्ये जाऊन बसेल, आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, त्याने पाण्याचा ताण मोडतो आणि रंग थेंबाथेंबाने साचून न राहता पसरतो. ते वाळलं की राखाडीत पिवळी माती मिसळून अगदी हलका ड्रायब्रश, तोही फक्त वरच्या कडांना. शेवटी स्पंजचा फाटका तुकडा घेऊन दगडफुलाचे ठिपके, आणि टूथपिकच्या टोकाने एखाद-दुसऱ्या दगडात झिओलाइटचे पांढरे बिंदू. हे बिंदू टेबलापलीकडच्या माणसाला दिसतही नाहीत. पण मला माहीत असतं की ते तिथे आहेत, आणि त्यांच्यामुळे ती भिंत सह्याद्रीतली होते.

जुनेपणा शिकायला मात्र किल्ल्यावर जायची गरज नाही, ठाण्यातल्या कुठल्याही तीस वर्षं जुन्या बिल्डिंगखाली उभं राहा. गच्चीच्या कठड्यावरून काळे ओघळ खाली आलेले असतात, पण छज्जाच्या बरोबर खाली भिंत स्वच्छ असते कारण तिथे पाणी पोचत नाही. खिडकीच्या ग्रिलचा जिथे भिंतीत खिळा गेलाय तिथून गंजाची नारिंगी रेघ निघते, वर गडद आणि खाली जाता जाता फिकी. एसीच्या पाइपखाली हिरवा पट्टा, उन्हाळ्यातसुद्धा, कारण तिथे बारा महिने पाणी ठिबकतं. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत मातीचे शिंतोडे, आणि कोपऱ्यात ड्रेनेजच्या पाइपमागे पिंपळाचं रोप. पाणी कुठून येतं आणि कुठे जातं एवढं कळलं की जुनेपणा कुठे रंगवायचा ते आपोआप कळतं. माझ्या बुरुजाच्या पन्हाळीखाली मी हिरवा ओघळ काढते, देवडीच्या आतल्या छताला धुराचा काळा डाग देते कारण पहारेकरी तिथे शेकोटी करत असणार, आणि पायऱ्यांचा मधला भाग थोडा फिका आणि खोलगट ठेवते. सुतळीचे धागे सोडवून, फेविकॉलमध्ये भिजवून, दगडांच्या फटींवर चिकटवले की पिंपळाची मुळं होतात, ती भिंत फोडतायत की धरून ठेवतायत हे सांगता येऊ नये असं बसवायचं.

पावसाळ्यात या कामाची गती मंदावते, फेविकॉल वाळता वाळत नाही, पुठ्ठ्याचे आणि एमडीएफचे बेस वाकतात. त्याला उपाय म्हणजे बेसच्या दोन्ही बाजूंना रंगाचा हात द्यायचा आणि वाळेपर्यंत वजनाखाली ठेवायचं. नायलॉनचं बारीक गवत विजेच्या भाराने उभं करायचं एक यंत्र मिळतं, तेही दमट हवेत धड चालत नाही. म्हणून जून ते सप्टेंबर मी नुसती बघते, फोटो काढते, ओघळांचे तर शेकडो फोटो फोनमध्ये आहेत, आणि कापायचं-रंगवायचं काम दिवाळीनंतर जोरात.

आमच्या ग्रुपमध्ये एकाची भाची कधीकधी खेळायला येते, सातवीत आहे. एकदा एका पडक्या वाड्यात सगळे खजिना शोधत होते आणि ती एकटी म्हणाली की मला त्या विहिरीकडे जायचंय. का गं, तर म्हणे विहिरीच्या कडेला दोरीच्या खुणा आहेत, म्हणजे खूप वर्षं लोक पाणी काढत होते, मग पाणी असून लोक का गेले? मी त्या काठावर सुईने बारीक खाचा पाडल्या होत्या, आमच्या आजोळच्या आडाला होत्या तशा. गेम मास्टरकडे त्या विहिरीचं काहीही लिहिलेलं नव्हतं. त्याने पाच मिनिटांचा चहाचा ब्रेक घेतला आणि आल्यावर पुढची अख्खी संध्याकाळ त्या विहिरीत गेली, तिच्या तळाशी काय आहे, पाणी कोणी बिघडवलं, वाड्यातल्या लोकांनी जाताना काय मागे ठेवलं. ती खाच मी पाडली नसती तर ती गोष्ट झालीच नसती, आणि माझ्या कामातून मला जे मिळतं त्यातला बराचसा भाग त्या संध्याकाळी एकदम मिळाला.

तेव्हापासून मी अजून हट्टाने इथल्या जागा टेबलावर आणते. सध्या हातात आहे ती खाडी. फँटसीतली दलदल म्हटली की नेहमी तेच धुकं, वेड्यावाकड्या फांद्यांची झाडं, लोंबणारं शेवाळ. आणि ऐरोलीच्या पुलावरून जी दिसते ती ठाण्याची खाडी, जिचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये ज्याला रामसरचा दर्जा मिळाला, ती कुठल्याच खेळात नाही. तिवराचं झाड घ्या. चिखलात हवा नसते म्हणून त्याची मुळं जमिनीतून सरळ वर येतात, झाडाभोवती शेकडो काड्या रोवल्यात असं दिसतं, श्वास घ्यायची मुळं ती. वीतभर उंचीचं मूळ साठाला एक या प्रमाणात तीन-चार मिलिमीटर होतं, त्याला जुन्या रंगाच्या ब्रशचे जाड केस बरोबर बसतात, एकेक केस कापून ओल्या पुट्टीत रोवायचा, हे काम हळूहळू चाललंय आणि मला त्यात अजिबात कंटाळा येत नाही. चिखल म्हणजे पुट्टी, फेविकॉल आणि चोथा, रंग राखाडीकडे झुकणारा तपकिरी, वरून जिथे ओल हवी तिथेच ग्लॉस वार्निश. आणि त्या चिखलात राहणारा शत्रूपण ठरलाय, माणसाएवढी निवटी मासोळी. खाडीत बोटभर निवट्या पंखांवर रेटत चिखलातून चालतात, डोळे डोक्याच्या वर, मधेच उडी मारतात, ते बघितलेल्या माणसाला दुसरा राक्षस शोधायची गरजच काय. एम-सीलच्या तीन झाल्यात, रंगवायच्या बाकी आहेत, अंगावरचे ठिपके कसे जमतात बघू.

अवघड भाग आहे भरती-ओहोटीचा. मला तेच पाणी सतत नकोय, खेळताना पाणी चढलं पाहिजे. म्हणून पातळ पारदर्शक अ‍ॅक्रेलिकची शीट कापून घेतलीये, खालच्या बाजूने मातकट हिरव्या रंगाचा पातळ हात, झाडांच्या खोडांसाठी खाचा ठेवल्यात, आणि मुळांच्या टोकांपेक्षा किंचित वर ती बसते. शीट सरकवली की श्वसनमुळं पाण्याखाली जातात, चिखलातली वाट दिसेनाशी होते, आणि नियमाप्रमाणे चालायचा वेग अर्धा होतो. भरती किती फेऱ्यांनी यावी यावर गेम मास्टरचं आणि माझं अजून जुळत नाहीये. त्याला वाटतं फाशावर सोडावं, अचानक आली तर मजा. माझं म्हणणं आहे की खाडीकाठच्या माणसाला भरतीची वेळ माहीत असते, कोळ्याला तिथी सांगितली की तो पाणी कधी चढेल ते सांगतो, मग खेळणाऱ्यांपैकी ज्याचं पात्र खाडीकाठचं आहे त्याला ते आधी कळलं पाहिजे आणि बाकीच्यांना नाही. पुढच्या शनिवारी दोन्ही प्रकारे खेळून बघायचं ठरलंय.